शहरातल्या इनुइट कुटुंबांचं लसीकरण, त्यांचा मान राखून : ओटावात काम करणाऱ्या मराठी मंडळींसाठी सविस्तर मार्गदर्शन

इनुइट लोकांची मूळ भूमी कॅनडाच्या थेट उत्तरेला आहे : पश्चिमेचा इनुव्हिआलुइट प्रदेश, नुनावुट, क्वेबेकच्या उत्तर टोकाचं नुनाविक आणि लॅब्राडोरच्या किनाऱ्यावरचं नुनात्सिआवुत. २०२१ च्या जनगणनेत कॅनडात ७०,५४५ इनुइट मोजले गेले. त्यांतले साधारण दहापैकी तीन जण या भूमीबाहेर, दक्षिणेकडच्या शहरांत आणि गावांत राहत होते. त्यांची सगळ्यात मोठी वस्ती ओटावा-गॅटिनो परिसरात आहे. कोणी शिकायला आलं, कोणी नोकरीला, कोणी आजारी मुलाच्या उपचारासाठी आलं आणि इथेच राहिलं, तर कोणाला उत्तरेतल्या घरटंचाईमुळे गाव सोडावं लागलं.

ओटावात मराठी नर्स, डॉक्टर, फार्मासिस्ट, शाळेतले कर्मचारी आणि दवाखान्यात रिसेप्शनवर बसणारी मंडळी आता बरीच आहेत. लसीकरणाच्या दिवशी इनुइट कुटुंब समोर आलं की काय करायचं, हे आपल्याला कोणत्याच अभ्यासक्रमात शिकवलं गेलेलं नसतं. हा लेख त्यासाठी आहे. माँट्रियल, विनिपेग, एडमंटन किंवा सेंट जॉन्समध्ये काम करणाऱ्यांनाही यातलं बरंचसं उपयोगी पडेल. फक्त संस्थांची नावं आणि प्रांताचे नियम बदलतील.

हे आत्ताच लिहिण्याला कारण आहे. १९९८ पासून कॅनडाने टिकवलेला गोवरमुक्त देशाचा दर्जा नोव्हेंबर २०२५ मध्ये गेला. त्याआधीच्या वर्षभरात देशात पाच हजारांहून जास्त लोकांना गोवर झाला आणि त्यात ऑन्टॅरिओचा वाटा मोठा होता. दाटीने राहणाऱ्या घरांमध्ये गोवर एकाला झाला की सगळ्यांना होतो. इनुइट तान्ह्या बाळांमध्ये आरएसव्ही या श्वसनमार्गाच्या विषाणूमुळे रुग्णालयात दाखल व्हावं लागण्याचं प्रमाण जगातल्या सर्वाधिक प्रमाणांपैकी एक आहे. इथे उशीर परवडत नाही.

माझं म्हणणं सुरुवातीलाच सांगते. फाइलमध्ये ‘लसीबाबत साशंक’ असा जो शेरा मारला जातो, त्यामागे बहुतेक वेळा दुसरंच काहीतरी असतं. फोन कोणी उचलला नव्हता. कार्ड उत्तरेत राहिलं होतं. मागच्या वेळी काउंटरवरच्या माणसाने आवाज चढवला होता. किंवा या इमारतीत पाऊल टाकलं तर मुलाबद्दल कुठेतरी तक्रार जाईल, अशी भीती होती. म्हणून पालकांची समजूत काढण्याच्या आधी आपला दरवाजा नीट करायचा. पुढच्या पायऱ्या याच क्रमाने लावल्या आहेत.

पहिली पायरी : कोणता इतिहास तुमच्याबरोबर खोलीत येतो, ते जाणून घ्या

हा भाग वगळून थेट ‘काय करायचं’ याकडे जावंसं वाटेल. तसं करू नका, कारण पुढची प्रत्येक सूचना इथून निघते.

१९५० आणि ६० च्या दशकांत क्षयरोगाची साथ उत्तरेत पसरली होती. ‘सी. डी. हाउ’ नावाचं सरकारी जहाज वस्त्यावस्त्यांना जायचं. जहाजावरच एक्स-रे काढला जायचा. छातीत डाग दिसला की त्या माणसाला बऱ्याचदा किनाऱ्यावर परत उतरूसुद्धा दिलं जात नसे. आईला मुलांचा निरोप घेता येत नसे. १९५६ च्या सुमारास दर सात इनुइटांमागे एक जण दक्षिणेतल्या कुठल्या ना कुठल्या क्षयरोग रुग्णालयात होता. एकट्या हॅमिल्टनच्या माउंटन सॅनेटोरियममध्ये त्या काळात बाराशेहून जास्त इनुइट रुग्ण ठेवले गेले. अनेक जण परतलेच नाहीत आणि त्यांना कुठे पुरलं हेही घरच्यांना कळवलं गेलं नाही. ८ मार्च २०१९ रोजी तेव्हाचे पंतप्रधान जस्टिन ट्रुडो यांनी नुनावुटची राजधानी इकालुइटला जाऊन त्याबद्दल माफी मागितली. ‘नानिलावुत’ या प्रकल्पातून ती हरवलेली थडगी शोधण्याचं काम सुरू झालं.

म्हणजे आज तुमच्यासमोर बसलेल्या आजीच्या आईला किंवा मावशीला आरोग्यसेवेच्या नावाखाली उचलून नेलेलं असू शकतं. याच पिढीने निवासी शाळा पाहिल्या, म्हणजे मुलांना घरापासून आणि भाषेपासून तोडून ठेवणाऱ्या शाळा. १९४० च्या दशकापासून पुढे तीसेक वर्षं सरकारने त्यांना नावाऐवजी गळ्यातल्या चकतीवरच्या नंबराने ओळखलं. १९७० च्या सुमारास इग्लुलिकमध्ये संशोधकांनी लोकांच्या हाताची त्वचा काढून दुसऱ्याच्या हातावर लावून पाहिली. आपल्याला नीट विचारलं, समजावलं गेलं नव्हतं, असं त्या गावच्या लोकांनी नंतर सांगितलं. अशा घरातून ‘हा प्रयोग तर नाही ना?’ असा प्रश्न आला, तर तो अडाणीपणा समजू नका. अनुभव असलेला माणूस जे विचारेल, तेच तो विचारतो आहे.

आणि हे सगळं जुनं झालं असंही नाही. गरोदर बाईबद्दल तिला न कळवता रुग्णालयांना ‘बाळ जन्मलं की कळवा’ असा इशारा देण्याची बाल-कल्याण संस्थांची पद्धत ऑन्टॅरिओमध्ये ऑक्टोबर २०२० मध्ये बंद झाली. तुमच्या दवाखान्यात सहा वर्षांचं मूल घेऊन येणाऱ्या आईने तो काळ स्वतः पाहिलेला आहे. तेव्हा आपल्या मनाशी एक गोष्ट पक्की असू द्या : लस राहिली, एवढ्यावरून पालक निष्काळजी ठरत नाहीत आणि तेवढ्यासाठी कुठे तक्रार करायची नसते. कुटुंबाने विचारलं तर हे स्पष्ट शब्दांत सांगा. न विचारताही सांगितलं तरी चालेल.

दुसरी पायरी : इनुइट संस्थेकडे जा आणि त्यांचं ऐका

ओटावात १९८७ पासून तुंगासुव्हिंगात इनुइट ही संस्था काम करते आहे. अकाउसिविक हे इनुइट कुटुंबांसाठीचं आरोग्य केंद्र आहे. इनुकातिगीत केंद्र लहान मुलं, तरुण आणि कुटुंबांसाठी आहे. तिथे पालक रोज मुलांना सोडायला-न्यायला येतात. नुनावुटच्या बॅफिन भागातून उपचारासाठी येणारे रुग्ण आणि त्यांचे सोबती लार्गा बॅफिन या निवासात उतरतात. कोविडच्या काळात, २०२१ मध्ये, अकाउसिविकने इनुइट लोकांसाठी स्वतः लसीकरण चालवलं. म्हणजे वाट आधीच पडलेली आहे आणि ती त्यांनी पाडलेली आहे.

सरकारी आरोग्य विभाग किंवा मोठं रुग्णालय इथे नेहमी एक चूक करतं. आराखडा आपला, पोस्टर आपलं, तारीख आपली ठरवायची आणि शेवटच्या आठवड्यात इनुइट संस्थेला ‘लोकांना कळवा’ म्हणून ईमेल पाठवायची. असं करू नका. पहिल्या भेटीला रिकामी वही घेऊन जा. तुमच्याकडच्या कुटुंबांना काय अडतं, आम्ही त्यातलं काय करू शकतो, काय करू नये, एवढं विचारा. उत्तर ‘सध्या नको’ असंही येऊ शकतं. तेही मान्य करा.

कामाची वाटणी मला अशी योग्य वाटते. लस, २ ते ८ अंश तापमान राखणारी शीतपेटी, जादा नर्स, तातडीची औषधं आणि नोंदणीचं काम तुमच्याकडे. जागा, दिवस, वेळ, निमंत्रण, दारावरची माणसं आणि जेवण त्यांच्याकडे, आणि त्याचा खर्च तुमच्या बजेटमधून. ज्येष्ठ मंडळी येऊन बसणार असतील, दुभाषी येणार असतील, तर त्यांचं मानधन आधी ठरवा आणि त्याच दिवशी द्या. तीन महिन्यांनी चेक येईल, त्यासाठी पाच फॉर्म भरा, ही पद्धत वयोवृद्ध माणसाला अपमानास्पद वाटते आणि ती आहेच तशी.

आणखी एक गोष्ट इथेच सांगते. ‘इंडिजिनस’ या एका शब्दाखाली सगळ्यांना गोळा करू नका. फर्स्ट नेशन्स, मेटी आणि इनुइट हे वेगवेगळे समाज आहेत. फर्स्ट नेशन्ससाठी केलेला इंडियन अ‍ॅक्ट हा कायदा इनुइट लोकांना लागू नाही, त्यांच्या राखीव वसाहती नाहीत आणि सेज या सुगंधी वनस्पतीची पानं जाळून धूप देण्याचा विधी त्यांचा नाही. तुमच्या दवाखान्यात ड्रीमकॅचर, म्हणजे फर्स्ट नेशन्सकडून आलेलं जाळीचं आणि पिसांचं कडं, टांगलेला असेल, तर तो पाहून इनुइट आजीला आपलं काही दिसल्यासारखं वाटणार नाही. तिला आपलं वाटेल ते कुल्लिक, म्हणजे सीलच्या चरबीच्या तेलावर जळणारा दगडी दिवा. मात्र तो पेटवायचा की नाही आणि कोणी पेटवायचा, हे त्यांचं त्यांनी ठरवायचं. ‘एस्किमो’ हा शब्द बोलण्यात, फाइलमध्ये, कुठेच नको.

तिसरी पायरी : जागा, दिवस आणि दार

जिथे कुटुंबं आधीच येतात, तिथे जा. मुलांचं केंद्र, खेळगट, अन्नवाटपाचा दिवस, व्हॅनिएसारख्या भागातली नेहमीची जागा. वेळ संध्याकाळची किंवा शनिवारची ठेवा. ‘ऑनलाइन बुकिंग करूनच या’ ही अट काढून टाका. ज्यांचा फोन नंबर दर दोन-तीन महिन्यांनी बदलतो, त्यांच्यासाठी ती अट म्हणजे बंद दार. बसचं भाडं द्या किंवा गाडी पाठवा. जानेवारीत ओटावात उणे वीस तापमान असताना दोन लहान मुलं घेऊन दोन बस बदलणं काय असतं, हे आपल्यापैकी नव्याने आलेल्या प्रत्येकाला माहीत आहे.

आरोग्य कार्डावर अडून बसू नका. कोणाकडे नुनावुटचं कार्ड असेल, कोणाचं ऑन्टॅरिओचं अजून यायचं असेल, कोणाकडे काहीच नसेल. अशांना सार्वजनिक आरोग्य विभागाच्या लसीकरणात कसं सामावून घ्यायचं, हे आधीच विचारून कागदावर लिहून ठेवा, म्हणजे दारात कोणाला ताटकळावं लागणार नाही.

दारात पहिला चेहरा इनुइट असावा. सुरक्षारक्षक गणवेशात उभा नसावा. चहा तयार असावा, आणि शक्य असेल तर बॅनॉक ही भाकरी, ‘आर्क्टिक चार’ नावाचा मासा किंवा कॅरिबू या उत्तरेतल्या हरणाचं मांस. उत्तरेतलं अन्न शहरात सहज मिळत नाही, त्यामुळे ते ताटात दिसलं की लोक थांबतात, बसतात, एकमेकांना विचारतात, ‘कोणत्या गावचे?’ हा प्रश्न तुम्हीही विचारू शकता. त्यासाठी गावांची नावं कानावरून गेलेली असू द्या : पँगनिर्टुंग, पाँड इनलेट, इग्लुलिक, किंगाइट. किंगाइटचं जुनं वसाहतवादी नाव केप डॉर्सेट होतं, ते २०२० मध्ये बदललं. जुन्या फाइलींत तुम्हाला दोन्ही सापडतील.

फोटो काढत फिरू नका. मुलांचे तर नाहीच.

चौथी पायरी : नावनोंदणी, जिथे सगळ्यात जास्त बिघडतं

माझ्या मते अख्ख्या दिवसातली सगळ्यात नाजूक जागा सुई टोचण्याची खोली नसते. ती असते रिसेप्शन.

आधी नावं. इनुइट लोकांना आडनावं सरकारी मोहिमेतून मिळाली, १९६८ ते १९७१ च्या दरम्यान. तोवर चकतीचा नंबर होता. ज्याने जसं ऐकलं, तसं इंग्रजीत लिहिलं. त्यामुळे एकाच घरातल्या दोन भावांच्या आडनावाची स्पेलिंगं वेगळी असू शकतात आणि एकाच मुलाच्या दोन फाइली निघू शकतात. के आणि क्यू, एक आय की दोन, शेवटी टी आहे की के, हे सगळं तपासा. जन्मतारखेवरून आणि गावावरून शोधा. ‘तुमचं नाव सिस्टिममध्ये नाही’ हे वाक्य तोंडातून काढू नका. नोंद सापडत नाही हा सिस्टिमचा दोष आहे.

मग नाती. इनुइट घरात बाळाला नुकत्याच गेलेल्या किंवा मानाच्या माणसाचं नाव देतात आणि त्या नावाबरोबर नातंही येतं. त्यामुळे आजी मांडीवरच्या नातीला ‘अताता’, म्हणजे वडील, म्हणून हाक मारताना तुम्ही ऐकाल. आपल्याकडे आजेसासऱ्यांचं नाव बाळाला ठेवलं की जुन्या घरातली सून त्या बाळाला नावाने हाक मारायला संकोचायची, ते आठवलं तर हे लगेच कळेल. फॉर्म भरताना मात्र गोंधळ होतो. तेव्हा ‘हिची आई कोण?’ असं फटकन न विचारता ‘आज हिच्याबरोबर कोण आलंय, हिचा सांभाळ कोण करतं?’ असं विचारा.

सांभाळ हा शब्द महत्त्वाचा, कारण इनुइट समाजात दत्तक देणं-घेणं हे घरातल्या घरात, उघडपणे आणि प्रेमाने होतं. मूल आजीकडे, मावशीकडे, काकाकडे वाढतं. नुनावुटच्या कायद्यात या प्रथेला मान्यता आहे. ऑन्टॅरिओच्या कायद्यात उपचाराच्या संमतीसाठी ठरावीक वयाची अट नाही. मुलाला स्वतःला समजत असेल तर तेच संमती देऊ शकतं, आणि लहान असेल तर संमती देऊ शकणाऱ्यांच्या क्रमात आई-वडिलांनंतर इतर नातेवाईकही येतात. कोणती परिस्थिती आली तर काय करायचं, आईची संमती फोनवर कशी घ्यायची, हे तुमच्या वरिष्ठांशी बोलून आदल्या आठवड्यात ठरवा. रांगेत उभ्या असलेल्या आजीकडे दत्तकपत्र मागण्याची वेळ येता कामा नये. त्या एका मागणीने ती आजी परत येत नाही आणि तिच्या ओळखीच्या चार घरांनाही ती गोष्ट कळते.

‘तुम्ही इनुइट आहात का?’ हा प्रश्न चेहरा बघून विचारू नका किंवा बघून गाळू नका. सगळ्यांना विचारा, का विचारतो ते एका वाक्यात सांगा, आणि उत्तर द्यायचं नसेल तर पुढे जा. गोळा झालेले आकडे आधी इनुइट संस्थेला दाखवायचे. त्यांचं काय करायचं ते त्यांच्याबरोबर ठरवायचं.

पाचवी पायरी : दोन वेळापत्रकांची सांधेजोड

कॅनडात लसीकरणाचं देशभर एकच रजिस्टर नाही. प्रत्येक प्रांताचं आणि प्रदेशाचं वेळापत्रक वेगळं आहे. नुनावुटमध्ये नवजात बाळाला क्षयरोगाविरुद्धची बीसीजी लस देतात, ऑन्टॅरिओत सरसकट देत नाहीत. आपल्या दंडावरची ती खूण पाहून इथले तरुण सहकारी ‘हे काय?’ विचारतात. इनुइट आजी-आजोबांच्या आणि मुलांच्या हातावरची खूण तुम्हाला मात्र चटकन ओळखू येईल. कावीळ ब ची लस नुनावुटमध्ये तान्हेपणीच सुरू होते, ऑन्टॅरिओत ती सातव्या इयत्तेत शाळेत देतात. म्हणजे उत्तरेत जन्मलेल्या बारा वर्षांच्या मुलीला ती आधीच पूर्ण मिळालेली असू शकते, आणि ओटावात जन्मून उत्तरेत गेलेल्या बाळाची ती राहून गेलेली असू शकते.

नोंद शोधण्यासाठी त्या गावच्या आरोग्य केंद्राला फोन करा. तिथे बहुतेक ठिकाणी नर्सच सगळं सांभाळतात. फोन कुटुंबाच्या परवानगीने करायचा आणि शक्यतो शिबिराच्या आधी. शोधूनही नोंद मिळाली नाही, तर त्या मुलाला लस मिळालेलीच नाही असं धरून सुरुवात करता येते. एखादा डोस जास्तीचा झाला तरी सहसा धोका नसतो. उलट, अर्धवट राहिलेली मालिका पहिल्यापासून सुरू करायची गरज नसते. कितीही काळ गेला असला तरी जिथे थांबली तिथून पुढे जायचं. पालकांना हे ऐकून खरंच हायसं वाटतं, कारण ‘आता सगळं पुन्हा करावं लागेल’ या धास्तीने कित्येक जण यायचं टाळतात.

काही गोष्टींना मात्र मुदत असते. रोटाव्हायरसचा पहिला डोस १५ आठवड्यांच्या आत द्यावा लागतो आणि शेवटचा आठ महिने पूर्ण होण्याआधी. ती वेळ टळली असेल तर आईला दोष न देता पुढच्या लशीकडे वळा. आरएसव्हीसाठी निरसेव्हिमॅब हे प्रतिपिंडाचं इंजेक्शन ऑन्टॅरिओत २०२४ च्या हिवाळी हंगामापासून सगळ्या तान्ह्या बाळांना मोफत आहे. घरात बाळ असेल तर ते मिळालं का, हे पहिल्या पाच मिनिटांत विचारा.

क्षयरोगाच्या त्वचा-चाचणीचं गणित विसरू नका. इनुइट भूमीतलं क्षयरोगाचं प्रमाण कॅनडात जन्मलेल्या बिगर-आदिवासी लोकांच्या तुलनेत शेकडो पटींनी जास्त आहे. त्यामुळे घरात कोणाच्या तरी चाचण्या चालू असणं नेहमीचंच. गोवर-गालगुंड-रुबेलाची लस त्या चाचणीच्या दिवशीच द्या किंवा चाचणी आधी होऊ द्या. लस आधी दिली गेली असेल, तर चाचणीसाठी निदान चार आठवडे थांबावं लागतं. हे न पाहिल्यामुळे चाचणी पुन्हा करावी लागली, तर त्या घराला आणखी एक फेरी आणि आणखी एक सुई.

हिब लशीबद्दल एक छोटी पण खरी माहिती : उत्तरेत हिमोफिलस इन्फ्लुएन्झाचा ‘ए’ प्रकारही गंभीर आजार करतो आणि हिब लस फक्त ‘बी’ प्रकारापासून वाचवते. एखाद्या पालकाने ‘लस घेऊनही आमच्या भाच्याला मेंदूज्वर झाला’ असं सांगितलं, तर ते खोटं ठरवू नका. ते शंभर टक्के शक्य आहे, आणि तसंच त्यांना सांगा.

सहावी पायरी : बोलणं, आणि गप्प बसणं

भाषा आधी विचारून घ्या. ओटावातल्या पुष्कळ तरुण पालकांची रोजची भाषा इंग्रजीच असते. आजी-आजोबांना मात्र इनुक्टिटुट ही इनुइटांची भाषा हवी असते. नुनाविकची बोली, दक्षिण बॅफिनची बोली, पश्चिमेची इनुइनाक्टुन, यांत फरक आहे. पूर्वेकडे अक्षरचिन्हांची लिपी चालते, पश्चिमेला आणि लॅब्राडोरला रोमन. त्यामुळे एकच माहितीपत्रक भाषांतरित करून सगळ्यांना पुरणार नाही. दुभाषी गावानुसार मागवा आणि दहा वर्षांच्या मुलाला आजीसाठी दुभाषाचं काम करायला लावू नका.

आता एक गोष्ट, जी कोणी सांगितली नाही तर तुम्ही दिवसभर ‘उत्तर देत नाहीत’ असं लिहीत बसाल. इनुइट माणूस होकार भुवया उंचावून देतो आणि नकार नाक आक्रसून. तोंडातून शब्द निघत नाही. तुम्ही कॉम्प्युटरकडे बघत विचारता, ‘मागच्या लशीनंतर ताप आला होता का?’ समोरची आई भुवया वर करते, पुरेपूर ‘हो’ म्हणते आणि तुम्ही तेवढ्यात तोच प्रश्न मोठ्याने विचारता. ती पुन्हा भुवया वर करते. तिसऱ्यांदा विचारलंत की तिला वाटतं, ही बाई माझ्यावर विश्वास ठेवत नाही. उपाय सोपा आहे : स्क्रीनवरून नजर काढा आणि चेहऱ्याकडे बघा.

शांततेला घाबरू नका. प्रश्न विचारून झाला की थांबा. आपल्याला ती शांतता भरून काढायची घाई होते, कारण आपण भरभर बोलणारी माणसं. पण मोठ्या माणसाने विचार करून दिलेलं उत्तर मोलाचं असतं आणि त्याला वेळ लागतो. याची दुसरी बाजूही लक्षात घ्या. अधिकारपदावरच्या गोऱ्या किंवा परक्या माणसापुढे मान राखून गप्प राहायचं, हे अनेक ज्येष्ठ इनुइट लहानपणापासून शिकले आहेत. म्हणून गप्प राहणं म्हणजे संमती धरू नका. भुवया, मान, शब्द, काहीतरी स्पष्ट मिळेपर्यंत सुई उचलू नका.

लशीबद्दल सांगताना तीन गोष्टी पुरतात : कोणता आजार, लशीने काय टळतं, आणि आज रात्री बाळाला काय होऊ शकतं. पॅम्प्लेट वाचून दाखवू नका. ‘तुमच्या समाजात हा आजार जास्त आहे’ अशा वाक्याने सुरुवात तर करूच नका. कारण दाट घरं, महाग अन्न, दूरचा दवाखाना ही आहेत. माणसांत काही खोट आहे, असा सूर त्या वाक्यातून निघतो. आणि कोणी ‘आज नको’ म्हटलं, तर ‘ठीक आहे, तुम्ही आलात हे बरं झालं. पुढच्या महिन्यात आम्ही इथेच आहोत’ म्हणा. ते चेहऱ्यावरही दिसू द्या. आज नको म्हणणारी आई पुढच्या महिन्यात बहिणीला घेऊन येते, हे होतं. आज ओरडा खाल्लेली आई येत नाही.

सातवी पायरी : प्रत्यक्ष लस

बाळ बहुधा अमाउतीत असेल. अमाउती म्हणजे आईच्या पाठीवर बाळासाठी मोठी जागा असलेला कोट, टोपीसकट. बाळ तिथे उबेत, आईच्या पाठीला चिकटून झोपलेलं असतं. कॉरिडॉरमध्ये ‘बाळाला बाहेर काढा, कपडे उतरवा’ असं सांगू नका. आईला आत येऊ द्या, बसू द्या, तिच्या गतीने बाळाला पुढे घेऊ द्या. खोली गरम ठेवा. बाळाला टेबलावर आडवं दाबून धरण्याची गरज नसते. मांडीवर उभं, छातीशी धरून मांडीत लस देता येते आणि बाळ कमी रडतं. आई पाजत असेल तर पाजतानाच द्या. तोंडाने द्यायची रोटाव्हायरस लस आधी, सगळ्यात झोंबणारी सुई शेवटी. सुई आत गेल्यावर दट्ट्या मागे ओढून बघायची जुनी सवय सोडा, त्याने दुखणं वाढतं.

मोठ्या मुलांना निवड द्या : कोणता हात, बघायचं की नाही, कोणी हात धरायचा. ‘शूर मुलं रडत नाहीत’ हे वाक्य कोणाच्याच मुलाला म्हणू नये. ज्या घरात निवासी शाळेच्या आठवणी आहेत, तिथे तर ते फारच लागतं.

नंतरची १५ मिनिटं खुर्च्यांच्या रांगेत बसवून काढू नका. ही वेळ चहाच्या टेबलापाशी, ज्येष्ठांच्या जवळ जाऊ द्या. नर्सने लक्ष तिथूनच ठेवायचं.

आठवी पायरी : घरी गेल्यानंतर

दिलेली लस नोंदीच्या पिवळ्या कार्डावर लिहा आणि फोनमध्ये फोटोही काढून घ्यायला सांगा. मग शाळेचा विषय काढा. ऑन्टॅरिओत विद्यार्थ्यांच्या लसीकरणाचा कायदा आहे. नोंद अपुरी असेल तर मुलाला शाळेतून २० शालेय दिवसांपर्यंत निलंबित करता येतं. आणि डॉक्टरने लस दिली की ती आपोआप सार्वजनिक आरोग्य विभागाकडे नोंदली जाते, असं नाही. ती पालकांनी कळवायची असते. हे अनेक पालकांना माहीतच नसतं, इनुइट असोत की मराठी. लस पूर्ण असलेल्या मुलाच्या घरी इंग्रजी-फ्रेंच भाषेतलं निलंबनाचं पत्र जातं आणि सरकारी लिफाफा बघूनच ते घर हबकतं. तेव्हा शिबिरातच एक टेबल ठेवा, जिथे तुमचा माणूस ऑनलाइन नोंद कुटुंबासमोर भरून देईल.

दुसऱ्या दिवशी फोन करा. ताप, सूज, बाळाची झोप विचारा. फोन इनुइट संस्थेतल्या ओळखीच्या माणसाने केला तर उत्तम. काही अनपेक्षित झालं असेल तर ते ऐकून घ्या, नियमाप्रमाणे नोंदवा आणि काय केलं ते कुटुंबाला परत सांगा.

लार्गा बॅफिनमध्ये उतरलेली किंवा बाळंतपणासाठी खाली आलेली आई काही दिवसांत परत उत्तरेला जाणार असते. तिच्या बाळाला इथे काय दिलं, काय दिलं नाही, बीसीजी राहिलं आहे का, कावीळ ब चा डोस झाला का, हे एका पानावर लिहून तिच्या हातात द्या. तेच पान त्याच दिवशी तिच्या गावच्या आरोग्य केंद्राला फॅक्स करा आणि पोचलं का ते फोन करून विचारा. फॅक्स पोचलेला नसेल, तर विमान सुटण्याआधी पुन्हा पाठवा.